आंत्रीय प्रतिरक्षेतील नियामक टी कोशिका

नियामक टी कोशिका : इतर प्रतिरक्षक कोशिकांच्या प्रतिक्रियेला आवर घालणाऱ्या टी लसीका कोशिकांच्या एका विशिष्ट प्रकारास ही संज्ञा आहे. या कोशिकांच्या केंद्रकात फॉक्सपी-३ नावाचे प्रथिन असते व पृष्ठावर इंटरल्यूकिन-२ या द्रव्याच्या ग्राहीचा सीडी-२५ हा घटक विपुल असतो. या दोन खुणांवरून त्या ओळखल्या जातात. निरोगी माणसाच्या रक्तातील सहायक टी कोशिकांपैकी सामान्यतः ५ ते १०% कोशिका या प्रकारच्या असतात. आतड्याच्या भित्तीत हे प्रमाण पुष्कळच अधिक असते. उंदराच्या बृहदांत्रात (मोठ्या आतड्यात) तर सु. एक चतुर्थांश वा त्याहूनही अधिक सहायक टी कोशिका नियामक असल्याचे आढळते.

हे प्रमाण एवढे का असावे, हे आतड्याची परिस्थिती ध्यानात घेतल्यास कळून येते. माणसाच्या आतड्यात सु. ३८ लक्ष कोटी सूक्ष्मजंतू वसती करून असतात व त्यांतील बहुसंख्य बृहदांत्रात असतात. त्यांच्या जोडीला रोजच्या आहारातून येणारी परकी प्रथिने असतात. या सर्वांपासून शरीराचे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) वेगळे ठेवणारा अधिस्तर मात्र कोशिकांच्या एकाच थराचा असतो. या अधिस्तराचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असते, असे विधान पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे केले जात असे. अलीकडील मोजमापांप्रमाणे ते सु. ३० चौ. मी. म्हणजे मध्यम आकाराच्या खोलीएवढे भरते. तरीही ते त्वचेच्या क्षेत्रफळाच्या कितीतरी पट आहे. परकी प्रथिने दिसताच त्यांवर तुटून पडणे हा टी कोशिकांचा स्वभाव. येथे त्यांनी तो पाळला, तर नाश होईल तो आतड्याचाच. आणि त्यांनी अगदीच स्वस्थ बसायचे ठरविले, तर विषमज्वराचे वा आमांशाचे जंतू निर्वेधपणे आत शिरतील. रोजचे अन्न व नेहमीचे रहिवासी यांना सोसावे आणि शत्रूला मात्र सोडू नये, हा विवेक आतड्यात क्षणोक्षणी करावा लागतो. त्याचा मोठा भार नियामक टी कोशिकांवर असतो [⟶ रोगप्रतिकारक्षमता].

इतिहास : खाल्लेल्या पदार्थाविषयी शरीर सहनशील बनते, ही गोष्ट जुनी आहे. एच्. गिडियन वेल्स यांनी १९११ मध्ये गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांत असे दाखविले की, ज्या प्राण्यांना अंड्यातील प्रथिने आधी खाऊ घातली होती, त्यांना तीच प्रथिने नंतर टोचली असता तीव्र अधिहर्षतेचा घातक झटका येत नाही. या सहनशीलतेमागे कोणती यंत्रणा आहे, ते कळण्यास मात्र आणखी अनेक दशके जावी लागली.

जपानमध्ये वाय्. निशिझुका व टी. साकाकुरा यांनी १९६९ मध्ये एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी यौवनलोपी ग्रंथी (छातीच्या हाडामागील, टी कोशिका परिपक्व करणारी ग्रंथी) काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांचे अंडकोश पुढे नष्ट होत. टी कोशिकांचा उगमच काढून घेतला, तर प्रतिरक्षा दुबळी व्हावी. येथे ती उलट स्वतःच्या शरीरावर उठली होती. याचा अर्थ, त्या ग्रंथीतून काही दिवस उशिराने बाहेर पडणारी कोणती तरी कोशिका इतरांना धाकात ठेवीत असली पाहिजे. त्याच सुमारास, १९७० मध्ये, अमेरिकेतील येल विद्यापीठात रिचर्ड गेर्शन यांनी ‘दमनकारी टी कोशिकां’ची कल्पना मांडली. ती काही काळ अतिशय लोकप्रिय झाली व तिच्या आधारे कोशिकांच्या लांबलचक साखळ्या कल्पिण्यात आल्या. तथापि या कोशिकांची खूण ठरविणारा जो जीन उंदरांच्या एका विशिष्ट गुणसूत्रखंडावर असल्याचे मानले जात होते, तो १९८३ मध्ये तेथे सापडलाच नाही. त्यामुळे सगळी उपपत्तीच संशयास्पद ठरली व ‘दमनकारी कोशिका’ हे शब्द शोधनिबंधात वापरण्यास संशोधक कचरू लागले. मूळ कल्पना बरोबर होती आणि तिच्यासाठी दिलेला पुरावा चुकीचा होता, असे आता म्हणता येते. दोन्ही एकदम टाकून दिल्यामुळे या विषयाची सु. दहा वर्षे वाया गेली.

आतड्याचा संबंध स्पष्ट झाला तो १९९३ मध्ये. फिओना पौरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या लसीका कोशिका नसलेल्या उंदरांना निरोगी उंदरांमधील केवळ ‘अननुभवी’ सहायक टी कोशिका दिल्या. काही आठवड्यांतच त्या उंदरांना बृहदांत्राचा तीव्र शोथ (दाहयुक्त सूज) झाला. त्याच कोशिकांबरोबर उरलेल्या सहायक टी कोशिकांचा अंश दिला असता मात्र शोथ झाला नाही. पूर्णपणे निरोगी प्राण्याच्या अंगातही आतड्याचा नाश करू शकणाऱ्या कोशिका सतत असतात आणि त्यांना दुसऱ्या कोशिका रोखून धरतात, हे या साध्या प्रयोगाने निर्विवाद सिद्ध केले. त्याच वर्षी इंटरल्यूकिन-१० हे द्रव्य तयार करू न शकणाऱ्या उंदरांनाही आंत्रशोथ होतो, असे दिसून आले. पुढे हेच उंदीर जंतुरहित वातावरणात वाढविले असता त्यांना रोग होत नाही, असे आढळल्यामुळे टी कोशिकांचा रोख आतड्यातील सूक्ष्मजंतूंवरच असतो, हेही कळले.

शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये सीडी-२५ ही खूण शोधून काढून या कोशिका वेगळ्या करण्याचा मार्ग मोकळा केला. फॉक्सपी-३ चा शोध मात्र निराळ्याच वाटेने लागला. अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगशाळेत १९४९ मध्ये उंदरांचा एक वाण आपोआप उद्‌भवला होता. त्यातील नरांची त्वचा खवल्यांसारखी होई, प्लीहा व लसीका ग्रंथी सुजत आणि ते काही आठवड्यांतच मरत. हा दोष क्ष-गुणसूत्रावर असल्याचे माहीत होते. मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी त्या गुणसूत्राचा संशयित भाग लहान करीत करीत त्यात वीस जीन निश्चित केले व एकेक तपासला. दोष विसाव्या, म्हणजे शेवटच्या जीनात मिळाला! हा फॉक्सपी-३ जीन २००१ मध्ये जाहीर झाला व त्याच वर्षी मानवी अर्भकांतील एका दुर्मिळ आनुवंशिक रोगाचे मूळही तोच असल्याचे दिसले. नियामक टी कोशिकांची जडणघडण या जीनावरच अवलंबून असते, हे २००३ मध्ये तीन स्वतंत्र संशोधक गटांनी दाखविले. ब्रंको, रॅम्सडेल व साकागुची यांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

निर्मिती : आतड्यातील नियामक टी कोशिका दोन ठिकाणांहून येतात. काही यौवनलोपी ग्रंथीतच तयार होतात. त्या मुख्यत्वे स्वतःच्या शरीरातील प्रथिने ओळखतात. दुसऱ्या ग्रंथीतून बाहेर पडताना साध्या सहायक टी कोशिका असतात व आतड्याच्या परिसरात अन्नातील किंवा जंतूंतील प्रतिजनाशी गाठ पडल्यावर त्यांचे नियामक कोशिकांत रूपांतर होते. आंत्रीय सहनशीलतेच्या दृष्टीने हा दुसरा गट अधिक लक्षणीय आहे, कारण कोणत्या परकीयास सोसावयाचे हे जन्मानंतरच शिकता येते.

हे शिक्षण मुख्यतः आंत्रबंधातील लसीका ग्रंथींत होते. आतड्याच्या भित्तीत शाखायुक्त कोशिका असतात. त्या प्रतिजन गोळा करून या ग्रंथींत नेतात आणि टी कोशिकांपुढे मांडतात. तसे करताना त्या दोन द्रव्ये पुरवितात. एक म्हणजे रूपांतरकारी वृद्धी घटक-बीटा हे प्रथिन व दुसरे म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक अम्ल. पहिल्याने टी कोशिकेतील फॉक्सपी-३ जीन जागा होतो; दुसऱ्याने त्यास बळ मिळते व शिवाय कोशिकेच्या पृष्ठावर आतड्याकडे परत जाण्याचा ‘पत्ता’ ठरणारे ग्राही उमटतात. अ जीवनसत्त्वाची ही कामगिरी २००७ मध्ये अनेक प्रयोगशाळांतून एकाच वेळी उघडकीस आली. हे जीवनसत्त्व डोळ्यांसाठी आवश्यक असते, ही शालेय पुस्तकांतील माहिती अपुरी आहे, ती अशी. ग्रंथीतून परतलेल्या कोशिका आतड्याच्या भित्तीत आणखी विभाजन पावतात. निर्मिती ग्रंथीत आणि वाढ आतड्यात अशा दोन टप्प्यांनी हे काम पुरे होते. कोणती लसीका ग्रंथी, यालाही महत्त्व आहे. लघ्वांत्राच्या आरंभीच्या भागातील लसीका जेथे जाते, त्या ग्रंथी सहनशीलतेकडे झुकलेल्या असतात, तर शेवटच्या भागाच्या ग्रंथींचा कल प्रतिकाराकडे असतो. अन्न वरच्या भागात शोषले जाते आणि जंतू खालच्या भागात दाट असतात, हे पाहता ही विभागणी सयुक्तिक वाटते.

सूक्ष्मजंतूंशी जुळवून घेणाऱ्या नियामक कोशिका घडविण्याचे काम नेहमीच्या शाखायुक्त कोशिका करीत नसून आरओआर-गॅमा-टी हे प्रथिन असलेल्या वेगळ्याच प्रतिजनदर्शक कोशिका ते करतात, असे २०२२ मध्ये तीन गटांनी दाखविले. त्या कोशिका नेमक्या कोणत्या, याविषयी तिन्ही गटांची मते सारखी नव्हती.

फॉक्सपी-३ चे नियंत्रण : नियामक टी कोशिकेचे सारे व्यक्तिमत्त्व एका जीनाच्या चालू असण्यावर टिकून असल्याने तो जीन कसा चालू होतो व कसा चालू राहतो, हा या विषयाचा गाभा होय. या जीनात प्रथिनाची संहिता नसलेले काही नियंत्रक खंड आहेत. पहिला खंड वृद्धी घटक-बीटाचा संदेश स्वीकारतो. तो काढून टाकलेल्या उंदरांत यौवनलोपी ग्रंथीतील नियामक कोशिका व्यवस्थित तयार होतात, परंतु आतड्यातील रूपांतर मंदावते आणि वय वाढेल तसा आतडे व फुप्फुस यांत अधिहर्षतेच्या स्वरूपाचा शोथ दिसू लागतो. हा खंड केवळ अपरायुक्त (वार असलेल्या) सस्तन प्राण्यांत आढळतो. गर्भातील पित्याकडून आलेली प्रथिने मातेने सोसावीत यासाठी तो उत्क्रांत झाला असावा, असे अनुमान यावरून काढले गेले आहे. दुसरा खंड स्मरणाचे काम करतो. त्यावरील मिथिल गट निघून गेले की, जीन कायमचा उघडा राहतो व कोशिकेच्या संततीतही तसाच उतरतो. यौवनलोपी ग्रंथीतील नियामक कोशिकांत हे गट पूर्णपणे निघालेले असतात. प्रयोगनलिकेत घाईने तयार केलेल्या कोशिकांत ते शिल्लक राहतात आणि म्हणूनच अशा कोशिका प्रतिकूल परिस्थितीत आपले शील सोडून पुन्हा आक्रमक होऊ शकतात. उपचारासाठी अशा कोशिका तयार करू पाहणाऱ्यांना ही अडचण पहिल्यापासून जाणवत आली आहे.

परिस्थिती प्रतिकूल ठरविण्यात इंटरल्यूकिन-६ चा मोठा हात आहे. विजय कुच्रू व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये असे दाखविले की, वृद्धी घटक-बीटा एकटा असता टी कोशिका नियामक होते. पण त्याच घटकाच्या जोडीला इंटरल्यूकिन-६ आले की, तीच कोशिका इंटरल्यूकिन-१७ स्रवणारी शोथकारक कोशिका बनते. संसर्ग झाला की, इंटरल्यूकिन-६ वाढते. अर्थात त्या काळापुरते शिक्षण सहनशीलतेऐवजी युद्धाचे होते. या दोन्ही कोशिका एकाच फाट्यावरून निघणाऱ्या वाटा आहेत, ही गोष्ट सहनशीलता एवढी सहज का मोडते याचा उलगडा करते. गव्हातील ग्लुटेनामुळे होणाऱ्या उदरगुहीय (सीलिअक) रोगात असेच घडते. तेथे इंटरल्यूकिन-१५ चे प्रमाण वाढलेले असते आणि त्याच्या संगतीत रेटिनॉइक अम्ल सहनशीलता निर्माण करण्याऐवजी ग्लुटेनाविरुद्धची प्रतिक्रिया भडकविते. एकच द्रव्य सहवासाप्रमाणे औषध किंवा विष ठरते.

तयार झालेल्या नियामक कोशिकेस जगण्यासाठी इंटरल्यूकिन-२ लागते. पण ते ती स्वतः करू शकत नाही. फॉक्सपी-३ नेच तिची ही क्षमता बंद केलेली असते. परिणामी तिचे अस्तित्व इतरांवर अवलंबून राहते. आक्रमक टी कोशिका वाढल्या की, इंटरल्यूकिन-२ वाढते व त्यायोगे त्यांना आवरणाऱ्या कोशिकाही वाढतात. लघ्वांत्रात हे द्रव्य मुख्यत्वे जन्मजात प्रतिरक्षेतील एका प्रकारच्या लसीकाभ कोशिका पुरवितात. बृहदांत्रात अधिस्तराला इजा होते तेव्हा बाहेर पडणारे इंटरल्यूकिन-३३ हेही तेथील नियामक कोशिकांना चेतना देते. इजेची वार्ताच शोथ आवरण्याची आज्ञा बनते.

सूक्ष्मजंतूंचा वाटा : जंतुरहित उंदरांच्या बृहदांत्रात नियामक टी कोशिका फार थोड्या असतात. केन्या होंडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा उंदरांत क्लॉस्ट्रिडियम गटातील ४६ प्रकारचे जंतू सोडले असता त्यांची संख्या पूर्ववत झाली. मानवी विष्ठेतून निवडलेल्या १७ प्रकारांनीही हेच साधले (२०१३). याच गटात धनुर्वाताचा जंतू मोडतो, हे लक्षात घेतले म्हणजे जंतूंचे ‘चांगले’ आणि ‘वाईट’ असे सरसकट वर्गीकरण किती फसवे आहे ते कळते.

हे जंतू कोणत्या मार्गाने परिणाम घडवितात, याचे एक उत्तर २०१३ मध्येच मिळाले. कोंडा, कडधान्ये, भाज्या यांतील तंतुमय भाग आपल्याला पचत नाही. बृहदांत्रातील जंतू तो आंबवून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही लघुशृंखल वसाम्ले बनवितात. यांपैकी ब्युटिरिक अम्ल हिस्टोन प्रथिनांवरील ॲसिटिल गट काढून टाकणाऱ्या एंझाइमांना रोखते. त्यामुळे फॉक्सपी-३ जीनाभोवतीची गुंडाळी सैल राहते व जीन सहज चालू होतो. यकृताने स्रवलेल्या पित्ताम्लांचे जंतू जे रूपांतर करतात, त्यातून निर्माण होणारी काही द्रव्येही असाच परिणाम करतात, असे २०२० मध्ये आढळले. जंतूंनी घडविलेल्या या नियामक कोशिकांत फॉक्सपी-३ च्या जोडीला आरओआर-गॅमा-टी हे प्रथिनही असते. हेच प्रथिन शोथकारक इंटरल्यूकिन-१७ कोशिकांचेही सूत्रधार आहे. म्हणजे पहारेकऱ्याने चोराचाच वेश घेतल्यासारखा हा प्रकार असून तो त्यास चोराच्या वाटेवर नेमका पोहोचविण्यास उपयोगी पडत असावा.

या शिक्षणास वेळेचे बंधन असते. उंदराची पिले दूध सोडून घन आहार घेऊ लागतात, त्या सु. दोन ते चार आठवड्यांच्या वयात जंतुसंख्या झपाट्याने वाढते, आतड्यात थोडा काळ जोरदार प्रतिक्रिया उमटते व तीतून या कोशिका निर्माण होतात. नेमक्या याच काळात प्रतिजैव औषधे देऊन ही प्रतिक्रिया चुकविली, तर मोठेपणी त्या उंदरांना आंत्रशोथ सहज होतो आणि उशिरा जंतू पुरवून ते नुकसान भरून येत नाही (२०१९). मानवी अर्भकांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी तान्ह्या मुलांना क्षुल्लक कारणांसाठी प्रतिजैव औषधे देण्याच्या सवयीविरुद्ध आणखी एक कारण त्यांनी पुढे केले आहे.

काही परजीवींनी या यंत्रणेचा आपल्यापुरता उपयोग करून घेतला आहे. उंदराच्या आतड्यात राहणारा एक गोलकृमी वृद्धी घटक-बीटाची नक्कल करणारे प्रथिन स्रवतो. त्याची रचना मूळ घटकाशी मुळीच जुळत नाही, पण ग्राहीवर ते बरोबर बसते. अशा रीतीने यजमानाच्या नियामक कोशिका वाढवून कृमी निर्धास्त राहतो.

कार्यपद्धती : नियामक कोशिका अनेक साधने वापरतात. इंटरल्यूकिन-१० स्रवून त्या महाभक्षी कोशिकांना शांत करतात. सीडी-२५ च्या साहाय्याने भोवतालचे इंटरल्यूकिन-२ शोषून घेऊन इतर टी कोशिकांची उपासमार करतात. आणि सीटीएलए-४ या पृष्ठप्रथिनाने शाखायुक्त कोशिकांवरील चेतक रेणू अक्षरशः ओरबाडून काढतात.

रोग व उपचार : फॉक्सपी-३ जीन सदोष असलेल्या मुलग्यांना जन्मानंतर थोड्याच दिवसांत न थांबणारे जुलाब, इसब व मधुमेह होतात. आतड्याचा अधिस्तर झडून गेल्यामुळे अन्न अंगी लागत नाही आणि उपचार न झाल्यास बहुतेक मुले शैशवातच दगावतात. अस्थिमज्जेतील मूलकोशिकांचे प्रतिरोपण हा त्यावरील खात्रीचा उपाय होय. इंटरल्यूकिन-१० च्या ग्राहीतील जन्मजात दोषामुळेही तान्ह्या मुलांना अत्यंत तीव्र आंत्रशोथ होतो, असे २००९ मध्ये निदर्शनास आले. तोही याच उपायाने बरा होऊ शकतो. सीटीएलए-४ ला अडविणारे इपिलिमुमॅब हे औषध कर्करोगासाठी अमेरिकेत २०११ मध्ये संमत झाले. अर्बुदाविरुद्धची प्रतिरक्षा मोकळी सुटताच अनेक रुग्णांना बृहदांत्रशोथ होतो, हा त्याचा एक मुख्य दुष्परिणाम. ज्या लगामाने अर्बुदाला संरक्षण मिळते, त्याच लगामाने आतडेही वाचलेले असते.

प्रौढांत आढळणारे व्रणयुक्त बृहदांत्रशोथ व क्रोन रोग यांचे चित्र इतके सरळ नाही. हे रोग भारतातही पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात आढळू लागले आहेत. या रुग्णांच्या सुजलेल्या आतड्यात नियामक कोशिका कमी नसून उलट वाढलेल्या दिसतात. परंतु तेथील आक्रमक कोशिका त्यांचे ऐकत नाहीत. स्मॅड-७ हे प्रथिन वाढल्यामुळे वृद्धी घटक-बीटाचा संदेश त्या कोशिकांच्या केंद्रकापर्यंत पोहोचत नाही, असे एक कारण देण्यात आले. त्या प्रथिनाची निर्मिती रोखणारे मोंगर्सेन हे औषध क्रोन रोगावर अतिशय गुणकारी असल्याचे २०१५ मधील प्राथमिक चाचणीत दिसले. मोठी चाचणी मात्र निष्फळ ठरून २०१७ मध्ये थांबविण्यात आली. ब्युटिरिक अम्लाच्या बस्तीचे परिणामही संमिश्र आहेत. उंदरांवरील यशाच्या आधारे बाजारात विकल्या जाणाऱ्या जंतुयुक्त चूर्णांबद्दल व गोळ्यांबद्दल तर बहुतेक बाबतींत एवढाही पुरावा नाही.

रुग्णाच्या स्वतःच्या नियामक टी कोशिका रक्तातून वेगळ्या करून, त्या शरीराबाहेर वाढवून परत देण्याचे प्रयत्न क्रोन रोगात झाले असून त्यांच्या सुरक्षिततेच्या प्राथमिक चाचण्या पार पडल्या आहेत. अल्प मात्रेत इंटरल्यूकिन-२ देऊन शरीरातल्या शरीरातच या कोशिका वाढविण्याचा मार्गही तपासण्यात आला आहे. मात्रा थोडी जास्त झाली की, आक्रमक कोशिकांनाच पोषण मिळते, हा त्यातील धोका होय.